डीआरएल वायरिंग: प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५: आखणी

पेट्रोल गाडी, १२ व्होल्ट, एच४ हॅलोजन हेडलाइट, कारखान्यातून डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसा गाडी दिसावी म्हणून पुढे लागणारे दिवे) आलेले नाहीत. बसवायचे दिवे म्हणजे प्रत्येकी ६ वॅटचे दोन एलईडी, अ‍ॅल्युमिनियम बॉडी, आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बंद), एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटची, म्हणजे ‘ड्रायव्हर’ची छोटी डबी वायरमध्येच. काचेवर गोलातल्या ई-खुणेशेजारी ‘आरएल’ ही अक्षरं आहेत, म्हणजे दिवा संयुक्त राष्ट्रांच्या नियम ८७ खाली डीआरएल म्हणून मंजूर आहे. ‘ए’ हे अक्षर नाही, म्हणून मंद करून पार्किंग लाइटसारखा तो वापरता येणार नाही. हे आधी बघून घ्यावं लागतं, कारण दिव्याला तीन वायर आहेत आणि त्यातली पिवळी मंद करण्यासाठीच दिलेली आहे. ती बंद करून ठेवायची.

दिवा पेटायला इग्निशनची एक वायर आणि अर्थ (गाडीच्या बॉडीला निगेटिव्ह जोड) एवढं पुरतं. सगळी मेहनत आहे ती तो वेळेवर विझवण्यात. नियम ८७ प्रमाणे डीआरएलचं समोरच्या दिशेचं तेज किमान ४०० आणि कमाल १२०० कँडेला. लो बीमला वरच्या बाजूने कटऑफ (उजेड वर जाऊ न देणारी सीमा) असतो, डीआरएलला नसतो. उन्हात ते खपून जातं, अंधारात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. म्हणून दिवे बसवण्याबद्दलचा नियम ४८ सांगतो की हेडलाइट किंवा पुढचे फॉग लागले की डीआरएल आपोआप बंद झाले पाहिजेत. नुसता डिपर मारताना ते चालू राहिले तर हरकत नाही. डॅशबोर्डवर बटण लावून देणं आम्हाला पटत नाही. ते एक दिवस विसरलं जातंच.

जोडणी पाच पायांच्या एका चेंजओव्हर रिलेवर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आतला जोड बदलणाऱ्या स्विचवर. पुढचे आकडे त्याच्या पायांचे. ३० ला इग्निशनचा पुरवठा, ८७ए वरून दिव्यांचं पॉझिटिव्ह, ८६ ला पार्किंग लाइटचं पॉझिटिव्ह, ८५ ला अर्थ, ८७ रिकामा. पार्किंग बंद असताना ३० आणि ८७ए जुळलेले, दिवे चालू. पार्किंग लागला की कॉइल ओढते, ८७ए सुटतो, दिवे बंद. पुरवठा आणि ट्रिगर (कॉइल ओढणारी पार्किंगची वायर) रिलेच्या आत एकमेकांना कुठे भेटत नाहीत, त्यामुळे उलटा करंट जाऊन टेललाइट मिणमिणण्याची भानगड नाही. एक उणीव मात्र राहते. कॉइल जळली किंवा ट्रिगरची वायर तुटली तर डीआरएल रात्रीही चालू राहतील. त्यासाठी अधूनमधून अंधारात भिंतीसमोर गाडी लावून बघणं आलं.

बॅटरीचं व्होल्टेज बघून दिवे लावणारं तयार मॉड्यूल घेतलं नाही. ते साधारण १३.२ व्होल्टच्या वर ‘इंजिन चालू’ असं धरतं. या गाडीत चार्जिंग १४.२ आहे, म्हणजे चाललं असतं. पण ज्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार कमी-जास्त चार्ज करतो, तिथे सरळ रस्त्यावर व्होल्टेज १२.५ च्या आसपास येतं आणि दिवे मधेच विझतात, ब्रेक मारला की पुन्हा लागतात. शिवाय मॉड्यूल थेट बॅटरीवर बसतं आणि गाडी उभी असतानाही थोडा करंट खात राहतं.

भार १२ वॅट, १४ व्होल्टला ०.८६ अँपिअर. फ्यूज ३ अँपिअर. पुरवठ्याची वायर ०.७५ चौरस मिलिमीटर, पातळ इन्सुलेशनची, १०५ अंशांची गाडीचीच. घराच्या वायरिंगमधली उरलेली वायर बॉनेटखाली नको. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं आणि तारा जाड व मोजक्या असल्याने कंपनाने तुटतात. साडेतीन मीटर लांबीला ०.८६ अँपिअरवर सुमारे ०.०७ व्होल्ट पडतील, चालतील.

बाकी सामान: लाल वायर ६ मीटर, काळी ४ मीटर, ट्रिगरसाठी ०.५ चौरस मिलिमीटरची ३ मीटर, रिले आणि त्याचा बेस, १एन४००७ डायोड, मिनी फ्यूजचा फ्यूज टॅप (जुन्या फ्यूजच्या खाचेत बसून नवं सर्किट काढणारा दोन फ्यूजचा होल्डर), ६ मिलिमीटरचे रिंग लग (बोल्टखाली बसणारी वायरची कडी) ३, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), ७ मिलिमीटरचा खाचांचा कंड्यूट (वायर झाकणारी नळी), कापडी टेप, काळे केबल टाय.

२ फेब्रुवारी: मीटरने शोध

पुरवठ्यासाठी केबिनच्या फ्यूज बॉक्समधला वायपरचा फ्यूज निवडला. चावी बंद आणि अ‍ॅक्सेसरीवर शून्य, ‘ऑन’वर १२.४, इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट. स्टार्टर फिरताना पुरवठा क्षणभर जातो, ते चांगलंच आहे. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू (संगणक) आणि फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, तिथे कितीही सोयीची जागा दिसली तरी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरात मीटरचा काटासुद्धा घालायचा नाही.

फ्यूज टॅप दोन्ही बाजूंनी बसतो आणि दोन्ही बाजूंनी दिवे पेटतात, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. फ्यूज काढून, चावी ऑन करून बघायचं की खाचेच्या कुठल्या पात्यावर व्होल्टेज आहे. ती पुरवठ्याची बाजू. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे तो तिथे गेला पाहिजे. बहुतेक टॅपवर हा पाय वायरच्या विरुद्ध बाजूला असतो, तरी मीटरच्या बीपने खात्री केली. उलटा बसला तर नव्या सर्किटचा करंट आधी वायपरच्या फ्यूजमधून येतो आणि त्या फ्यूजवर दोघांचा भार पडतो.

ट्रिगरसाठी आधी हेडलाइटच्या सॉकेटवर मोजलं. लो बीम लावल्यावर सामाईक टर्मिनलला १२ आणि लो बीमच्या टर्मिनलला जवळपास शून्य व्होल्ट! म्हणजे या गाडीत स्विच अर्थच्या बाजूला आहे. बऱ्याच एच४ गाड्यांत असं असतं. लो बीमच्या वायरला ‘पॉझिटिव्ह’ समजून ८६ ला जोडलं असतं तर हेडलाइट लागल्यावर कॉइलला काहीच मिळालं नसतं आणि डीआरएल रात्रभर पेटत राहिले असते. पार्किंगच्या ५ वॅटच्या बल्बवर मात्र सरळ हिशोब: बंद असताना ०, चालू केल्यावर बॅटरीइतकं. हेडलाइट आणि फॉग पार्किंगशिवाय लागतच नाहीत, त्यामुळे एका ट्रिगरमध्ये तिन्ही आले.

मीटर हर्ट्झवर लावून वायर पुन्हा तपासली, आकडा शून्य. नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल बल्बला तुकड्यातुकड्यांनी वीज देतं. तिथे या वायरवर शंभर-दोनशे हर्ट्झ दिसतात आणि साधा रिले गुणगुणतो, त्याचे पॉइंट जळतात. तसं निघालं असतं तर ट्रिगर दुसरीकडून घ्यावा लागला असता.

८ फेब्रुवारी: टेबलावर जोडणी

गाडीला हात लावण्याआधी पूर्ण सर्किट १२ व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर जोडलं, ३ अँपिअरच्या फ्यूजसकट. पहिल्याच फटक्याला उलटं वागलं. दिवे बंद, आणि ट्रिगर दिला तरीही बंद.

जोडणी तीनदा तपासली, बरोबर. मग रिले बेसमधून काढून उलटा धरला. मधल्या पायाजवळ प्लास्टिकवर उठवलेले आकडे भिंगातून वाचले: ८७. बाजूच्या पायावरही ८७. पाच पायांच्या रिलेत हा प्रकार असतो. दोन्ही आउटपुट ८७, म्हणजे कॉइल ओढल्यावर दोन्हीकडे वीज, आणि ८७ए मुळात नाहीच. डबी, रंग, पायांची मांडणी अगदी सारखी. आमची वायर बेसच्या मधल्या खाचेत होती, त्यामुळे ट्रिगर दिल्यावर तरी दिवे लागायला हवे होते. ते न लागण्याचं कारण दुसरंच निघालं. डायोड उलटा लागला होता आणि ट्रिगर देताच बॅटरीच्या क्लिपवरचा फ्यूज उडाला होता.

दोन्ही गोष्टी गाडीत घडल्या असत्या तर शोधायला दिवस गेला असता आणि पार्किंगचा फ्यूज वर उडाला असता. रिले घेताना मीटरने बघावं: काही न जोडता ३० आणि मधल्या पायात बीप वाजली पाहिजे. आकृती डबीवर छापलेली असते, तीही वाचावी.

डायोडबद्दल. कॉइलचा करंट तुटताना ती उलट्या दिशेने शंभराहून जास्त व्होल्टचा झटका मारते आणि तो पार्किंगच्या वायरमधून मागे जातो. डायोड तो झटका कॉइलमध्येच जिरवतो. पांढरा पट्टा ८६ कडे, म्हणजे पॉझिटिव्हकडे. उलटा लावला की ट्रिगर आणि अर्थ यांत सरळ शॉर्ट. आतच डायोड असलेला रिले मिळतो, पण मग ८५ आणि ८६ अदलाबदल करून चालत नाहीत.

नवा रिले, डायोड सरळ. कॉइलचा रोध ८६ ओम, १४ व्होल्टला सुमारे ०.१६ अँपिअर. पार्किंगच्या १० अँपिअरच्या फ्यूजला जाणवणारही नाही. वीस वेळा चालू-बंद केलं, मग अर्धा तास दिवे चालू ठेवून बॉडी हाताने बघितली. गरम, पण हात टेकवता येतो.

९ फेब्रुवारी: बंपर आणि दिव्यांची जागा

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं. बंपर दोघांनी उतरवून चादरीवर उलटा ठेवला. फॉगचे कनेक्टर आधी सोडवायचे, नाहीतर ओढले जातात.

मोजमाप बंपर चढवलेला असतानाच, रिकाम्या गाडीवर घेतलं होतं. दिव्याची खालची कड जमिनीपासून ३९० मिलिमीटर, दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये ९२० मिलिमीटर. नियम ४८ ला उंची २५० ते १५०० आणि अंतर किमान ६०० लागतं, म्हणजे भरपूर सवलत. दिवा आडवा २०-२० अंश आणि उभा १०-१० अंश दिसला पाहिजे, म्हणून जाळीच्या आत खोल ढकलायचा मोह टाळला. जाळीच्या पट्ट्या नेमका तोच कोन खातात. बंपरमागे रडार किंवा पार्किंग सेन्सर असलेल्या गाडीत ही जागाही चालली नसती.

दिव्यांसोबत दुतर्फा टेप आली आहे. बंपरच्या आतल्या बाजूला पीपी+ईपीडीएम असा शिक्का आहे. पॉलिप्रोपिलीनवर चिकटपट्टी नीट पकडत नाही, पृष्ठभागच तसा आहे. प्रायमर लावून पकड सुधारते, तरी नुसत्या टेपवर रस्त्यावर पडू शकणारा दिवा सोडायचा नाही. १.५ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर रुंद स्टेनलेस पट्टीचे एल ब्रॅकेट केले, एम५ बोल्ट आणि नायलॉक नट. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम थेट टेकले तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. भोक आधी ३ मिलिमीटरचं, मग ५.५. टेप फक्त थरथर थांबवायला ठेवली, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर प्रेशरचं पाणी मारायचं नाही.

दिव्याच्या पाठीमागे १० मिलिमीटर मोकळी जागा ठेवली. एलईडी उष्णतेनेच मरतो, आणि सिग्नलला उभ्या गाडीत वारा नसतो.

१५ फेब्रुवारी: वायरिंग

केबिनमधून बॉनेटखाली येताना नवं भोक पाडलं नाही. मुख्य हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) रबरी ग्रोमेटला, म्हणजे भोकातल्या रबरी बुचाला, एक रिकामी, बंद बोंडी आहे, तिचं टोक कापलं. कडक तारेला वायर टेप करून साबणाच्या पाण्याने ओढून घेतली. तेल किंवा ग्रीस लावलं तर पटकन सरकते, पण रबर फुगून सैल होतं आणि पावसाचं पाणी पायाशी येतं. ग्रोमेटच्या बाहेर वायरला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली गळतं. पेडल आणि स्टीअरिंग कॉलमपासून वायर लांब बांधली.

रिले डाव्या बाजूला फ्यूज बॉक्सशेजारी, पाय खाली करून. पाय वर ठेवले की बेस म्हणजे पाण्याची वाटी. कंड्यूट रेडिएटरच्या पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून दूर, दर १५० ते २०० मिलिमीटरवर टाय.

ट्रिगरच्या वायरला जागीच दाबून बसवायचे निळे-लाल टॅप कनेक्टर वापरले नाहीत. त्यांची पट्टी इन्सुलेशन कापताना आतल्या काही तारा कापते, आणि ओल शिरल्यावर तांब्यावर हिरवा थर धरतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, रोध मात्र वाढत जातो. पार्किंगची मूळ वायर कापली, दोन्ही टोकं आणि नवी वायर एका उघड्या क्रिंप बँडमध्ये दाबली, ओढून पाहिली, वर गोंदाची हीट श्रिंक. गोंद दोन्ही तोंडांतून किंचित बाहेर आला की सील झालं. डाग देणं (सोल्डर करणं) टाळलं. डाग तारांमध्ये चढतो आणि जिथे संपतो तिथे वायर कडक राहते, इंजिनच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

दोन्ही पिवळ्या वायर वेगवेगळ्या लांबीवर कापून स्वतंत्र श्रिंकमध्ये बंद केल्या.

अर्थ दोन बाजूंना वेगळे, बॉडीच्या एम६ बोल्टवर, तिसरा लग रिलेच्या ८५ साठी. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर अर्थ घेतला नाही. तिथे करंट सेन्सर असलेल्या गाड्यांत अशी वायर सेन्सरला चुकवून जाते आणि त्याचा हिशोब बिघडतो.

१६ फेब्रुवारी: चालू करून

चावी ऑन, दिवे लागले. पार्किंग लावला, टक् आवाज, विझले. हेडलाइट, फॉग, तसंच. डिपर मारला, डीआरएल चालूच राहिले. चावी बंद केल्यावर नव्या सर्किटमध्ये ० मिलिअँपिअर.

मग दोन त्रास निघाले.

पहिला रेडिओचा. जोरात येणारी स्टेशनं स्वच्छ, पण दूरच्या स्टेशनवर खरखर, आणि डीआरएलचा कनेक्टर काढला की गप्प. ड्रायव्हरच्या डबीत वेगाने चालू-बंद होणारं स्विचिंग सर्किट असतं, त्याची पॉझिटिव्ह वायर अँटेनासारखी वागते. डबीपासून ५० मिलिमीटरच्या आत फेराइटचा क्लिप-ऑन तुकडा लावला, दोन्ही वायर त्यातून दोन वेढे घेऊन. दिव्याकडे जाणारी जोडी एकमेकींभोवती पिळली. खरखर जवळपास गेली. फेराइट दूर, रिलेपाशी लावून पाहिला होता, तिथे काहीच फरक पडला नाही.

दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नव्हता. दोन्ही दिवे सारखेच तेजस्वी, तरी दिवे चालू ठेवून प्रत्येक दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत व्होल्टेज मोजलं. डावीकडे ०.०२, उजवीकडे ०.३८. एका दिव्याचा करंट ०.४३ अँपिअर, म्हणजे जोडात जवळजवळ ०.९ ओम. ड्रायव्हर करंट स्थिर ठेवतो म्हणून तेजात फरक दिसत नाही, पण असा जोड गंजत जातो आणि पावसाळ्यात दिवा लुकलुकायला लागतो. तेव्हा लोक दिवा बदलतात आणि दोष तिथेच राहतो. उजवा बोल्ट खोलला. लगच्या खाली रंगाचा अखंड थर, संपर्क फक्त आट्यांमधून. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर, लग, बोल्ट, आणि आवळून झाल्यावर वरून रंग. आता ०.०२. रंग आधी लावायचा नाही, मागून.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली: डीआरएल, ३ अँपिअर, वायपरच्या खाचेवर, रिले डावीकडे, ट्रिगर डाव्या पार्किंगचा. पार्किंगचे डावे-उजवे फ्यूज वेगळे आहेत. डावा उडाला तर रात्री डीआरएल विझणार नाहीत, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

२३ फेब्रुवारी: पाणी आणि तिन्हीसांजा

टेपला दोन आठवडे झाले, आता पाणी. साध्या नळीने दहा मिनिटं, दिवे चालू ठेवून. काचेत धुकं नाही, रिले बेस कोरडा, पायाशी ओल नाही. गरम दिव्यावर गार पाणी पडलं की आत हवा आकसते आणि कमजोर सीलमधून पाणी ओढलं जातं, म्हणून चाचणी चालू दिव्यावरच घ्यायची.

संध्याकाळी गाडी मागून बघितली. पुढे लख्ख उजेड, मागे काळोख. डीआरएलवर टेललाइट लागत नाहीत आणि पुढे उजेड दिसल्याने चालकाला वाटतं की दिवे लागलेत. डॅशबोर्ड इग्निशनवरच उजळत असेल तर आणखीच. वायरिंगने यावर इलाज करता आला असता, डीआरएलसोबत टेललाइट लावून, पण मग पार्किंगचा ट्रिगरच निरर्थक झाला असता. गाडी वापरणाऱ्यांना समोर उभं करून दाखवलं: दिवस कलला, पाऊस किंवा धुकं आलं की हेडलाइटचा स्विच फिरवायचाच.

२९ मार्च: फेरतपासणी

ब्रॅकेटचे नट घट्ट. डाव्या दिव्याजवळ एक टाय तुटून कंड्यूट बंपरच्या कडेला घासत होता, खाचांवर पांढरे ओरखडे, वायरपर्यंत पोचलेलं नाही. तिथे कापडी टेपचे दोन थर आणि टाय १०० मिलिमीटर वर. रिले काढून पाय बघितले, काळे पडलेले नाहीत. अंधारात भिंतीसमोर चारही स्थिती पुन्हा तपासल्या, बरोबर. अर्थ: डावा ०.०२, उजवा ०.०३ व्होल्ट. उजव्याचा आकडा पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यायचा. ०.१ च्या वर गेला तर बोल्ट पुन्हा खोलायचा.